दोन सूत

फिटरभाऊ भेटल्यावर ‘कसे आहात’ असं विचारत नसत. ‘जागा किती?’ असं विचारत. आमच्या रविवारच्या सायकलवाल्यांत नव्याने आलेल्या एकाने हा प्रश्न प्लॉटबद्दलचा समजून ‘पंधराशे चौरस फूट’ असं उत्तर दिलं होतं. फिटरभाऊंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते वाकून त्याच्या सायकलचं मागचं चाक फिरवत होते. त्यांना हवी होती ती जागा टायर आणि फ्रेम यांच्यामधली, आणि ती ते सुतात मोजत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. सुतार आणि लोखंडाचं काम करणारे हे माप अजून वापरतात. हिवाळ्यात नागपूरच्या आसपास कच्च्या वाटेने सायकल चालवायची तर दोन सूत जागा पाहिजे, हा त्यांचा नियम होता.

ते खापरखेड्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं फिटर होते. कॉलनीतून कामावर रोज सायकलने जात. तिथल्या रस्त्यावर राख असायची. कोरडी असली की पिठासारखी, ओली झाली की साबणासारखी. टायरचं सगळं शिक्षण आपल्याला त्या राखेनं दिलं, असं ते सांगत. निवृत्तीनंतर त्यांनी कोराडी रोडवर घर बांधलं आणि साठीत आमच्यात आले. आम्ही पंधरा-सोळा जण. कुणी वकील, कुणी दुकानदार. पुढाकार एका दाताच्या डॉक्टरांचा. बहुतेकांकडे महाग सायकली. फिटरभाऊंकडे जुनी लोखंडी फ्रेम, तिला त्यांनी स्वतः जुळवलेली चाकं, आणि पस्तीसचे टायर, म्हणजे पस्तीस मिलिमीटर रुंदीचे.

आमच्याकडचा हिवाळा कोरडा, म्हणून लोकांना वाटतं कच्चा रस्ता सोपा असेल. तसं नाही. शेतांमधून जाणाऱ्या पांदणीत पावसाळ्यात बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी चाकोऱ्या पाडलेल्या असतात. दिवाळीनंतर त्या वाळून विटेसारख्या कडक होतात. अरुंद टायर त्यांत अडकतो आणि हाडं खिळखिळी करतो. तिथे रुंद टायर आणि कमी हवा चांगली. पण त्याच दिवसांत गव्हाला, हरभऱ्याला, संत्र्याच्या बागांना पाणी चालू असतं. बांध फुटून ते पांदणीत आलं की काळी माती चाकाला धरते, चाकाबरोबर फिरून वर येते आणि फ्रेमखाली ठासून बसते. फिटरभाऊ हे एका वाक्यात सांगत: “मुरमाले टायर लागते, काळ्या मातीले जागा लागते.” रुंद टायर घ्यावा तर जागा कमी होते, जागा ठेवावी तर टायर अरुंद होतो. हिवाळ्याचा टायर निवडणं म्हणजे या दोघांत तडजोड करणं, एवढंच.

टायरवर छापलेल्या आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. “ते टायरचं नाव असते, रुंदी नाई,” असं म्हणत. एकदा डॉक्टर नवी सायकल घेऊन आले. टायरवर चाळीस लिहिलं होतं. फिटरभाऊंनी पिशवीतून मापाचा जबडा, म्हणजे कॅलिपर, काढला, टायरला लावला आणि त्रेचाळीस सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “अहो भाऊ, कंपनीनं लिहिलंय ना.”

“माह्या भाच्याचं नाव भीमसेन हाये,” फिटरभाऊ म्हणाले. “वजन बेचाळीस किलो. आता बोला.”

सगळे हसले. डॉक्टरही हसले, पण मला वाटतं, तो टोमणा त्यांनी मनात जपून ठेवला.

माझं आणि त्यांचं जमलं ते आकड्यांमुळे. मी सरकारी कार्यालयात बांधकामांची अंदाजपत्रकं तपासतो. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला सांगितलं की दुपारी घरात भरलेली हवा पहाटे कमी होते, म्हणून हवा सकाळी अंगणात भरावी. मी घरी जाऊन हिशेब केला आणि पुढच्या रविवारी सांगितलं, पंधरा अंश उतरले तर चाळीस पौंडांतले पावणेतीन पौंड कमी होतात. ते म्हणाले, “मी अंगठ्यानं सांगतो, तू कागदानं सांगतं. चालन.” त्या दिवसापासून मी ‘अंदाजपत्रक’ झालो. पार चौकापलीकडून हाक यायची, “काय गा अंदाजपत्रक, जागा किती?” माझ्याशी वागताना त्यांनी हातचं काही राखून ठेवलं नाही. चाक सरळ करायला, कुठल्या महिन्यात कुठल्या वाटेला किती हवा ते ठरवायला, सराट्याचा काटा टायरमधून उपसून काढायच्या आधी खूण करून ठेवायला मी त्यांच्याकडून शिकलो. मीही माझे तक्ते त्यांना दाखवायचो. दर आकड्याला ते एकच विचारत, “हे तू स्वतः मोजलं का?” मोजलं असेल तर पुढे प्रश्न नसे.

पांदणीत शिरलं की फिटरभाऊ सगळ्यांच्या पुढे असत. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. वाट त्यांनाच दिसायची. ते बोलत नसत. खड्डा असला की डावा हात खाली, पाणी असलं की हात वर. चिखल आला की बाकीचे थांबत, उतरत, सायकल उचलत. ते गिअर हलका करून, न थांबता सरळ आत जात आणि पलीकडे निघत. “काळ्या मातीत थांबला तो रुतला,” हे त्यांचं तत्त्व. त्यांच्या टायरच्या दोन्ही बाजूंना भरपूर जागा होती, म्हणून ते जमायचं. एरवी मंडळींत त्यांच्याकडे कुणी फारसं पाहत नसे. चहाला महागड्या सायकलींच्या गप्पा चालत, ते कडेला बसून बशीत चहा ओतत. पण पांदणीत पंधरा शिकलेली माणसं त्यांचा हात पाहून चालत. तेवढ्यासाठी ते सोमवारपासून रविवारची वाट पाहत, हे मला त्यांच्या घरी कळलं.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. लांबचं स्वच्छ दिसू लागलं; जवळचं धूसर होतं, चष्मा मिळायचा होता. वाकायची आणि जड उचलायची मनाई होती. घरात सायकलवरून भांडण झालं. वहिनींचं म्हणणं, अडुसष्ट वर्षांच्या माणसाने आता पायी फिरावं. शेवटी तह झाला. माझ्यासमोरच त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुमी साक्षीले हा. एक डाव पडले त सायकल बंद. मंग मी कोणाचं ऐकणार नाई.” फिटरभाऊ म्हणाले, “मंजूर. नाई पडत.”

त्यांचे पस्तीसचे टायर बाजूने तडकले होते. डिसेंबरात काटोलकडच्या पांदणीने जायचं ठरलं होतं आणि त्यांना वाकता येत नव्हतं. ते मला म्हणाले, “टायर तू निवड अन् तूच चढव. थोडे रुंद घे, कंबर दुखते आताशा. पण दोन सूत जागा ठेव.” त्यांच्या सायकलला आजवर दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला नव्हता. मला फार आनंद झाला. तो आनंदच पुढच्या गोष्टीच्या मुळाशी आहे.

मी वर्षभर मंडळींना सांगत होतो की खडबडीत वाटेवर रुंद टायर आणि कमी हवा यांनी वेग कमी होत नाही. माझ्याकडे तक्ता होता, पण ऐकत कुणी नव्हतं. फिटरभाऊ रुंद टायरवर पुढे गेले असते तर सगळ्यांनी मानलं असतं. मी सत्तेचाळीसचे टायर मागवून टाकले. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या नळ्यांमधलं अंतर मी त्यानंतर मोजलं. मापाआधी माल मागवणाऱ्या ठेकेदारांची अंदाजपत्रकं मी परत पाठवतो.

अंतर भरलं त्रेपन्न मिलिमीटर. टायर चढवून, हवा भरून मोजला तर साडेशेहेचाळीस. म्हणजे मोकळी जागा साडेसहा, एका बाजूला सव्वातीन. दोन सूत म्हणजे सहा पूर्णांक पस्तीस शतांश. दोन्ही बाजू मिळून दोन सूत भरत होते. एका बाजूला दोन सूत हवे असतील तर चाळीसचाच टायर बसला असता. फिटरभाऊ ‘दोन सूत’ म्हणतात ते एका बाजूचे की मिळून, हे मला माहीत नव्हतं असं मी स्वतःला सांगितलं. सहा वर्षं त्यांच्याबरोबर हिंडलेला माणूस मी. बाहेर व्हरांड्यात ते खुर्चीवर बसले होते, दहा पावलांवर. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि ते उत्तर मला नको होतं.

त्यांनी टायरवर हात फिरवला. बोटं नळीपाशी थांबली. “भरलं भरलं वाटून राहिलं गा.”

“दोन सूत आहे, भाऊ.”

“तू स्वतः मोजलं?”

“मोजलं.”

“मंग झालं,” असं म्हणून त्यांनी हात काढून घेतला.

त्या रविवारी थंडी चांगलीच होती. डांबरी रस्ता सोडून पांदणीत शिरलो आणि पहिले चार किलोमीटर माझ्या तक्त्याप्रमाणे झाले. कडक चाकोऱ्यांवरून फिटरभाऊ असे जात होते की मागच्यांना दम लागला. एकदा मागे वळून ओरडले, “अंदाजपत्रक, गादीवर बसल्यावानी वाटून राहिलं!” मी शेजारच्या वकिलाला म्हणालो, “ऐकलं ना?”

मग संत्र्याची बाग आली. बागेचं पाणी बांध ओलांडून पांदणीत आलं होतं. वीसेक पावलं काळा चिखल. फिटरभाऊंनी हात वर केला, म्हणजे पाणी. आम्ही थांबलो. ते नेहमीप्रमाणे गिअर हलका करून सरळ आत गेले. सात-आठ पावलांवर मागचं चाक फिरायचं थांबलं. घसरलं नाही, थांबलं. सायकल जागच्या जागी उभी राहिली आणि ते उजवीकडे, बांधाच्या दगडांवर पडले. उजवं मनगट मोडलं.

डॉक्टरांनी दुपट्ट्याने हात गळ्यात बांधला. बांधता बांधता म्हणाले, “डोळ्याचं नुकतंच झालंय, पाणी किती खोल ते दिसलंच नसेल त्यांना. सरळ आत घुसले ना. वय पण आहे यार.” दोघा-तिघांनी माना हलवल्या. फिटरभाऊ दगडाला टेकून बसले होते, तोंड पांढरं पडलेलं. “दिसत होतं मले,” ते म्हणाले. “म्या हात वर केला होता.” लोक म्हणाले, “हो हो, भाऊ, बोलू नका तुम्ही.” मी काडीने त्यांच्या चाकातली माती काढत होतो. दोन्ही बाजूंना ती इतकी घट्ट बसली होती की काडी मोडली. सव्वातीन मिलिमीटर म्हणजे किती, ते मला तेव्हा हाताला कळलं. एक वाक्य बोलायचं होतं. पंधरा माणसं ऐकायला उभी होती. मी दुसरी काडी शोधली.

दोन दिवसांनी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्टरांचा लांब निरोप आला. आपल्या ज्येष्ठ मित्राच्या काळजीपोटी यापुढे पासष्ट वर्षांवरच्यांनी कच्च्या वाटेला येऊ नये, डांबरी रस्त्यावर सर्वांचं स्वागत आहे, वगैरे. त्याखाली अंगठ्यांची आणि फुलांची रांग लागली. मी दोन जोडलेले हात टाकले. डॉक्टरांवर राग काढणं सोपं आहे आणि मी काही दिवस तो काढलाही. पण त्यांना खरं माहीत नव्हतं. मला होतं.

मी त्यांना भेटायला तीनदा गेलो. मनगटात धातूची पट्टी बसवली होती. सायकल व्हरांड्यात उभी होती, चाकांना माती वाळून चिकटलेली. आम्ही थंडीवर बोललो, चष्म्याच्या नंबरावर बोललो. ‘जागा किती’ हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. दुसऱ्या खेपेला वहिनी मला फाटकापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, “भाऊजी, तुमी होते न जवळ. खरंच नाई दिसलं का त्याईले? ते म्हणतेत दिसत होतं.”

“पाणी अचानकच होतं, वहिनी,” मी म्हणालो.

वाक्य खोटं नव्हतं. पाणी अचानकच होतं. त्या मान हलवून आत गेल्या, आणि आतून त्यांचा आवाज आला, “म्हणत होती न मी? आता चूप बसा.”

फेब्रुवारीत वहिनींचा फोन आला. त्यांच्या गावाकडचा कुणी नातेवाईक सायकल घेऊन जायला येणार होता. चाकांत हवा नव्हती. “तुमीच येऊन भरून द्या, भाऊजी. त्याईले हात लावू देत नाई मी.” रविवारी सकाळी मी पंप घेऊन गेलो. फिटरभाऊ व्हरांड्यात चष्मा लावून बसले होते. मी पुढच्या चाकाला पंप लावला, चार दाब दिले आणि थांबलो.

“भाऊ,” मी म्हणालो, “दोन सूत मी दोन्ही बाजूंचे मिळून धरले होते.”

“मले माहीत हाये. दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्या दिवशी डाव्या हातानं मोजलं म्या.”

“मग बोलला का नाही?”

“मी काहून बोलू? माप तुह्यं होतं. मी वाट पाहून राहिलो होतो. तीन डाव आला तू. थंडीवर बोलला. किती दिवस झाले आज?”

मला आकडा ठाऊक होता. “त्रेसष्ट.”

“त्रेसष्ट दिवस मी या घरात आंधळा होतो गा,” ते म्हणाले.

आवाज चढवला नव्हता. मी काहीतरी पुटपुटलो. माफी मागितली असावी. अजून नीट न वळणाऱ्या उजव्या हाताने त्यांनी दाराकडे दाखवलं. “मले नोको सांगू. तिले सांग.”

वहिनी आत तूर निवडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, मिलिमीटर सोडून. टायर मी निवडला, तो जास्त रुंद होता, म्हणून चाक जाम झालं, त्यांचा डोळा चांगला होता, पाणी त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी दिसलं होतं. त्यांनी सूप खाली ठेवलं. उठून व्हरांड्यात गेल्या. मी मागे गेलो.

“काहून नाई सांगतलं मले?” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

“सांगतलं होतं. दिसत होतं म्हून सांगतलं होतं. तू मले सोडून याले इचारलं.”

वहिनींनी सायकलकडे पाहिलं, पदराने कपाळ पुसलं आणि मोठ्याने, जवळजवळ रागाने म्हणाल्या, “त्या माणसाले फोन करते, नोको येऊ म्हून. जुने टायर नाई त दुसरे आना. हात बरा झाला का चालवा तुमची सायकल. मी नाई म्हणत नाई.”

मी लगेच म्हणालो, “चाळीसचे आणतो, भाऊ. आजच आणतो. मंडळींनाही सगळं लिहितो. तुम्ही पुन्हा पुढे.”

फिटरभाऊ आमच्या दोघांकडे पाहून हसले. चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला.

“तुमी दोघं आता म्हणून राहिले का दिसत होतं,” ते म्हणाले. “पण दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ आयकलं न म्या. आता डोळे मिटून ती पांदण पायतो त मलेच वाटते, का नसनच दिसलं.”